घरं मक्त्याने देणे

घरं मक्त्याने देणे : धुण्या-इस्त्रीच्या किंवा साफसफाईच्या धंद्यात एका कारागिराने आपली बांधलेली गिऱ्हाइके ठरावीक मुदतीपुरती दुसऱ्याकडे सोपवून त्याबद्दल पैसे किंवा वाटा घेण्याची रीत. ‘घरं’ म्हणजे इथे भिंती-छपरे नव्हेत. ज्यांचे कपडे वर्षानुवर्षे एकाच माणसाकडे येतात, ती कुटुंबे. ग्रामीण विदर्भात ही रीत प्रामुख्याने वरठ्याच्या (परीट, धोबी) कामाच्या संदर्भात समजून घ्यावी लागते.

या व्यवहाराची भाषा शेतीतून आली आहे. शेत ठरल्या रकमेवर कसायला दिले की मक्ता आणि पिकाच्या वाट्यावर दिले की बटई. घरांनाही हेच दोन हिशेब लागू पडतात. मात्र शेताला सातबारा असतो, धुरा (बांध) असतो. घरांना यातले काही नाही. मक्तेदाराला प्रत्यक्षात मिळते ते एवढेच, की या दारांशी दुसरा वरठी जाणार नाही आणि मूळ मालक, म्हणजे घरं देणारा वरठीही, मुदत संपेपर्यंत जाणार नाही. मराठीत ‘मक्तेदारी’ हा शब्द एकाधिकाराला रूढ झाला आहे, तो इथे अगदी चपखल बसतो.

याचे मूळ बलुतेदारीत आहे. बलुतेदाराचा हक्क हा नुसता रोजगार नव्हता, ती वृत्ती, म्हणजे वतनासारखी मिळकत, होती. वारसाने चालणारी, भावांत तक्षिमांनी (हिश्श्यांनी) वाटली जाणारी, प्रसंगी गहाण पडणारी आणि विकलीही जाणारी. तंटा झाला तर गोतसभा, म्हणजे गावकरी आणि भाऊबंदांची सभा, निवाडा करी. वरठ्याला खळ्यावर ज्वारी किंवा धान मिळे आणि सणावाराला, लग्नकार्याला वेगळे मिळे. उत्तर हिंदुस्थानात याच प्रकारच्या हक्काला जजमानी किंवा बिरत म्हणत. विदर्भातही सगळीकडे सारखा कारभार नव्हता : वऱ्हाडात रयतवारी (शेतकरी सारा थेट सरकारला भरी), तर नागपूर-भंडारा-चांद्याकडे मालगुजारी (गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरी). १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, पैशाचा वापर वाढला आणि खळ्यावरचे धान्य हळूहळू महिन्याच्या किंवा नगाच्या दरात बदलले. हक्काला सरकारी किंवा गावकीचा आधार उरला नाही, तरी ‘ही घरं अमक्याची’ ही समजूत टिकली.

घर हातचे कशाने होते, हे कपड्यावरच्या खुणेत दिसते. बिब्ब्याच्या रसाची खूण चुन्याने पक्की होते आणि धुण्याने जात नाही. बिब्बा विदर्भाच्या जंगलातलाच, त्यामुळे शाई विकत आणायची गरज नसे. प्रत्येक घराची खूण वेगळी. दोन ठिपके, एक आडवी रेघ, फुली. अक्षर न येणाराही पन्नास घरांचे गाठोडे यावरून वेगळे करी. मक्त्यात या खुणा नव्या माणसाला शिकवाव्या लागतात. कोणत्या घरी धोतराला खळ जास्त लागते, कोणाचा हिशेब पोळ्यापर्यंत थांबतो, कुठे आजीचे लुगडे आदळायचे नाही, हेही सांगावे लागते. व्यवहारातली खरी किंमत या माहितीची असते, असे म्हटले तर चुकणार नाही.

किंमत पाण्यावरही ठरते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या काही भागांत, भूजल खारे असल्याने साबणाला फेस धरत नाही. तिथे घरे किती यापेक्षा नदीचा डोह किंवा गोड्या पाण्याचे टाके किती लांब, हा प्रश्न मोठा. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव असल्याने ती अडचण त्या प्रमाणात नाही.

मुदतीला पाडवा ते पाडवा हा हिशेब सोयीचा पडतो, कारण विदर्भात सालगड्याचे सालही गुढीपाडव्याला बदलते. यात एक मेख आहे. पाडव्यानंतर लगेच लग्नसराई लागते आणि नव्या माणसाच्या हातात पैसा खेळतो. पुढे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, गावकरी पेरणी-निंदणात, उधारी वाढते. समजा, चाळीस घरांचे सरासरी महिन्याला सहा हजार रुपये येतात आणि मालकाला दोन हजार द्यायचे ठरले. आषाढात कमाई साडेतीन हजारांवर आली तरी मालकाचे दोन हजार तसेच. कोळसा आणि साबण वजा जाता मक्तेदाराच्या हाती जेमतेम उरते. अशा ठिकाणी बटई अधिक न्याय्य, पण बटईत मालकाला कमाई खरी सांगितली जाते का, हा संशय कायमचा.

लग्नात पायघड्या घालण्याचा मान परटाचा. नारळ, कापड, ओवाळणी त्याच्याबरोबर येते. काम मक्त्याने दिले तर हा मान कोणाचा, हे आधी बोलून घेतलेले बरे. रकमेपेक्षा यावरून मन जास्त दुखावते. तशीच गोष्ट जळालेल्या कपड्याची. इस्त्री फिरवली मक्तेदाराने, पण घरमालकीण बोल लावते ती जुन्या वरठ्याला.

रीतीची सर्वांत कच्ची बाजू म्हणजे ज्यांच्यावर सगळा व्यवहार चालतो त्या घरांना कोणी विचारत नाही. त्यांना नवा माणूस आवडला नाही तर घर तुटते. फार आवडला तरी मालकाचे तुटतेच, कारण मुदतीनंतर तीच घरे परत जायला तयार नसतात. चाळीस दिली, बत्तीस परत आली, तर आठांचा हिशेब कोणी द्यायचा? घरांची यादी, दर आणि थकबाकी पहिल्याच दिवशी वहीत उतरवून दोघांनी सही-अंगठा केला असेल तर भांडण निम्म्यावर येते.

पूर्वी असा तंटा जातपंचायत मिटवी आणि तिचे हत्यार बहिष्काराचे होते. महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरला, ते योग्यच झाले. दुसरीकडे, भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७ नुसार धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत निरर्थक ठरतो. अपवाद धंद्याचा नावलौकिक (गुडविल) विकण्याचा. म्हणजे ‘मुदतीनंतर या घरांना हात लावणार नाही’ असे वचन मक्त्याच्या कागदावर असले, तरी कोर्टात त्याच्या बळावर फार काही पदरात पडण्याची आशा नाही.

असाच व्यवहार इतर धंद्यांतही आहे. वर्तमानपत्र विक्रेते आणि मुंबईचे डबेवाले गिऱ्हाइकांच्या साखळीला ‘लाइन’ म्हणतात. ब्रिटनमध्ये खिडक्या पुसणारे आपली फेरी, म्हणजे बांधलेली गिऱ्हाइके, महिन्याच्या कमाईच्या पटीत विकतात. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत धुणीभांडी करणाऱ्या बायका बाळंतपणाला किंवा कापूस वेचणीला जाताना आपली घरे बहिणीला, जावेला, शेजारणीला ‘बदली’ म्हणून लावून देतात. पैसे बहुधा ठरत नाहीत, परत मिळण्याचा शब्द तेवढा घेतला जातो. २००८च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ कायद्यात या बाईची कामगार म्हणून नोंद होऊ शकते, तिच्या घरांची मात्र नाही.