माँटेसरी शिक्षणपद्धती : तान्ह्या वयापासून कुमारवयापर्यंत

मुलाला आपणहून शिकता येईल अशी जागा, हाताळायला साहित्य आणि मोकळा वेळ देऊन मोठ्या माणसाने एक पाऊल मागे राहायचे, अशी शिक्षणाची रीत म्हणजे माँटेसरी पद्धती. इटालियन डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये सुरू केली आणि अखेरपर्यंत घडवत नेली. महाराष्ट्रात हे नाव घेतले की गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली तीन-चार वर्षांची मुले डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात हा आराखडा दोन-तीन महिन्यांच्या बाळापासून पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत जातो. त्यातली तान्ह्या वयाची आणि सहा ते बारा वयाची पायरी बरीचशी भारतात पक्की झाली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. जगभरात या शाळा बहुतांशी खासगी आहेत. अमेरिकेत मात्र सरकारी माँटेसरी शाळाही शेकड्यांनी आहेत.

उगम

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाल्ले येथे झाला. १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. मनोरुग्णालयात ठेवलेल्या मतिमंद मुलांसाठी काम करताना त्यांनी इटार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांचे लेखन बारकाईने वाचले. हाताला आणि इंद्रियांना काम दिले की बुद्धीला चालना मिळते, हे सूत्र त्यांना तिथे सापडले. सेगँची साधने त्यांनी सुधारली. मग त्यांना प्रश्न पडला, की या साधनांनी ही मुले एवढी पुढे जातात, तर धडधाकट मुले साध्या शाळांत मागे का राहतात?

उत्तर शोधायची संधी ६ जानेवारी १९०७ रोजी आली. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत नव्याने दुरुस्त केलेल्या चाळवजा इमारती होत्या. आईबाप दिवसभर कामावर असत आणि मागे राहिलेली मुले जिने-भिंती खराब करत. त्यांना एका खोलीत सांभाळावे, एवढीच मालकांची अपेक्षा होती. या खोलीला ‘बालगृह’ असे नाव मिळाले. तिथे माँटेसरींनी पाहिलेला एक प्रसंग साऱ्या पद्धतीच्या मुळाशी आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातले दट्टे काढून पुन्हा आपापल्या भोकात बसवत होती. भोवती इतर मुलांना गायला लावले, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तरी तिचे लक्ष हलले नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच काम करून ती थांबली, आणि थांबली तेव्हा थकलेली नव्हती, प्रसन्न होती. लहान मुलांचे लक्ष टिकत नाही हा समज इथे मोडला.

भारतातली वर्षे

१९३४ पर्यंत मुसोलिनीच्या राजवटीशी माँटेसरींचे बिनसले आणि इटलीतल्या शाळा बंद झाल्या. जर्मनीत नाझींनीही त्या बंद पाडल्या. स्पेनमधील यादवी युद्धामुळे बार्सिलोना सोडावे लागले. १९३९ च्या अखेरीस, थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून, त्या मुलगा मारिओसह मद्रासजवळ अड्यारला आल्या. पहिल्याच अभ्यासक्रमाला सुमारे तीनशे शिक्षक जमले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि हे दोघे ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत ठेवले गेले, तर वृद्ध आईला अड्यारच्या आवाराबाहेर जायला बंदी झाली. तिच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने मुलाची सुटका केली.

त्यानंतर मायलेक काही काळ कोडाईकनालला राहिले. तिथल्या मुलांबरोबर काम करताना, डोंगर, झाडे, कीटक, दगड हेच हाताशी असताना, सहा ते बारा वयोगटासाठीचे ‘वैश्विक शिक्षण’, म्हणजे विश्वाच्या गोष्टीपासून सारे विषय उलगडत नेण्याची रीत, आकाराला आले. तान्ह्या मुलांबद्दलची त्यांची मांडणी अहमदाबादच्या व्याख्यानांत झाली. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत मूल भोवतालची भाषा, चालीरीती, हालचाली जाणूनबुजून शिकत नाही, ते त्या शोषून घेते, हा त्या व्याख्यानांचा गाभा. या व्याख्यानांचे पुस्तक १९४९ मध्ये मद्रासहून निघाले. मधल्या काळात युरोपला जाऊन आलेल्या माँटेसरी १९४९ मध्ये भारतातून कायमच्या गेल्या आणि ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये वारल्या.

वयाच्या पायऱ्या

मुलांचे गट साधारण तीन-तीन वर्षांचे असतात. पहिल्या तीन वर्षांचे मात्र दोन भाग पडतात. चालायला लागेपर्यंतच्या बाळांच्या खोलीत पाळणे नसतात. जमिनीवर गादी, भिंतीला आडवा आरसा, उभे राहायला दांडा आणि नजर स्थिर होण्यासाठी वर टांगलेली हलती चित्रे असतात. चालणारी मुले पुढच्या गटात जातात. तिथे स्वतः जेवणे, हात धुणे, कपडे घालणे, शी-शूची सवय आणि भरपूर बोलणे, हाच अभ्यासक्रम.

तीन ते सहा हा या पद्धतीचा सर्वांत भरीव टप्पा. मुलाच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटे. त्यांत प्रत्येक साधन एकच, म्हणजे दुसऱ्याचे होईपर्यंत थांबावे लागते. पाणी ओतणे, धान्य निवडणे, बटणे लावायची चौकट, पितळ घासणे ही जीवनव्यवहाराची कामे आधी येतात. मग इंद्रियशिक्षण. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. चुकीच्या क्रमाने रचला तर मनोरा डोळ्यांना खटकतो. दट्ट्यांच्या ठोकळ्यात चूक झाली तर शेवटचा दट्टा बसतच नाही. चूक साधनच दाखवते, ताईंना ‘चुकलं’ म्हणावे लागत नाही. नाव शिकवण्याचा पाठ तीन पायऱ्यांचा असतो : ‘हे मोठं, हे लहान’, मग ‘मोठं दे बरं’, आणि शेवटी ‘हे कसं आहे?’ तिसऱ्या पायरीला मूल अडले तर ताई ते साधन हसतमुखाने उचलून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करतात.

अंकगणितात सोनेरी मणी येतात. एक सुटा मणी, दहाची तार, शंभराचा चौरस, हजाराचा घन. पाच वर्षांचे मूल हजाराचा घन दोन्ही हातांनी तोलते आणि त्याला हजार म्हणजे केवढे ते कळते. रंगीत आठ तुकड्यांचा एक घन ते चार वर्षांचे असताना कोड्यासारखा जुळवते. तोच घन पुढे बाराव्या वर्षाच्या आसपास (अ+ब)³ चे सूत्र बनून त्याच्यापुढे येतो. मुलाला मधेच काढून हे तीन-तीन वर्षांचे गट तोडू नयेत असे म्हणतात, त्याचे खरे कारण साधनांची ही लांब साखळीच.

अक्षरे आधी बोटांनी शिकायची असतात. खरखरीत कागदाचे अक्षर गुळगुळीत पाटीवर चिकटवलेले असते आणि मूल दोन बोटे फिरवत त्याचा ध्वनी म्हणते. सुट्या अक्षरांनी ते लिहायला लागते आणि वाचन त्यामागून येते. इटालियनप्रमाणे मराठीतही ध्वनी आणि अक्षर जवळजवळ जुळतात, त्यामुळे ही रीत आपल्या मुलांना सोपी जाते. एक अडचण मात्र आपली स्वतःची आहे. ‘दिवस’ मांडताना मूल ऐकल्याप्रमाणे आधी ‘द’ ठेवते आणि मग ऱ्हस्व वेलांटी, पण वेलांटी डावीकडे सरकवावी लागते. ध्वनी नंतर, खूण आधी. जाणत्या ताई त्यावर टीका करत नाहीत. वेलांटीचा तुकडा वेगळ्या रंगाचा ठेवतात आणि मुलाला शोधू देतात.

सहा ते बारा वयात मुलाला ‘का?’ आणि ‘कसं?’ यांची भूक लागते. विश्वाचा जन्म, जीवसृष्टी, माणसाचे आगमन, लिपी आणि संख्या अशा पाच मोठ्या गोष्टींनी वर्षाची सुरुवात होते. त्यातून भूगोल, जीवशास्त्र, इतिहास, भाषा, गणित असे विषय फुटतात. मुले गटाने काम करतात, आणि पुस्तकात न मिळालेल्या उत्तरासाठी कुंभाराकडे, बँकेत, वनस्पती उद्यानात स्वतः चौकशी करून जातात. बारा ते पंधरा वयासाठी माँटेसरींनी शेतावरच्या निवासी शाळेची कल्पना मांडली. मुलांनी पिकवावे, विकावे, हिशेब ठेवावा, पाहुण्यांची सोय करावी. या वयाला पाठांतरापेक्षा समाजात आपली गरज आहे या अनुभवाची निकड असते, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेतील ओहायोमध्ये अशी शेतशाळा चालते, पण जगभरात हा टप्पा सर्वांत विरळ आहे.

मराठी मुलखात

माँटेसरी भारतात येण्याच्या कितीतरी आधी त्यांचे विचार इथे रुजले होते. वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. तिथे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. ताराबाईंचे मोठेपण पुढच्या पावलात आहे. शहरी फीवर चालणारी शाळा गरिबाच्या दारात कशी न्यायची, हा प्रश्न घेऊन त्या १९४५ मध्ये बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. महागडी साधने बाजूला ठेवून चिंचोके, शिंपले, बिया, पाने, खडे यांतून मोजणे, वर्गवारी, रंग-आकार आले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेतली केंद्रेही अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

एका बाबतीत गिजुभाई आणि ताराबाई माँटेसरींपासून वेगळे गेले, आणि तेच बरोबर होते. सहा वर्षांखालील मुलांना परीकथा नकोत, आधी वास्तव कळू दे, असा माँटेसरींचा कल होता. गिजुभाईंनी गोष्ट, गाणे, नाटक बालमंदिराच्या मध्यभागी आणले. चिऊकाऊच्या घरांची गोष्ट ऐकलेल्या मुलाला मेणाचे घर खरे वाटून त्याचे नुकसान झाले, असे कोणत्याही आजीने पाहिलेले नाही.

टीका आणि आजची स्थिती

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्येच या पद्धतीवर टीका केली होती : साधने ठरावीक, कल्पनेला आणि एकत्र खेळाला जागा कमी. फीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. जी पद्धत सान लोरेन्झोच्या मजुरांच्या मुलांत जन्मली, ती आज बहुतेक शहरांत सुखवस्तू घरांना परवडते. ‘माँटेसरी’ हे नाव कोणाच्या मालकीचे नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये तसा निर्णयही झाला. आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघटना १९२९ पासून शिक्षकांना प्रशिक्षण देते, पण पाटी लावण्यासाठी तिची परवानगी लागत नाही. म्हणून शाळा पाहायला जाणाऱ्या पालकांनी साधने किती आहेत हे मोजू नये. कपाट कुलूपबंद आहे का, तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकत्र बसतात का, सलग अडीच-तीन तास घंटा न वाजता काम चालते का, हे पाहावे. गुलाबी मनोरा फक्त पालकसभेच्या दिवशी बाहेर निघत असेल तर ती माँटेसरी शाळा नव्हे.

संशोधनही याच दिशेला जाते. मिलवॉकी शहरात सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. त्यात माँटेसरी शाळेतली पाच वर्षांची मुले वाचन, गणित आणि सामाजिक समज यांत पुढे होती. फ्रान्समधील गरीब वस्तीतल्या सरकारी बालवर्गांच्या अभ्यासात (२०२१) वाचनात फायदा दिसला, गणितात फरक आढळला नाही. साधने मूळ रीतीने वापरणाऱ्या वर्गांत प्रगती जास्त आणि भेसळ केलेल्या वर्गांत कमी, असेही आढळले आहे.

भारतात सहा वर्षांनंतरची वाट अरुंद होते. बरेच पालक पहिलीला मूल नेहमीच्या शाळेत घालतात, आणि ज्या गटात ते सर्वांत मोठे होऊन लहानांना शिकवणार असते, तेच तिसरे वर्ष पुष्कळदा त्याला मिळत नाही. बारा वर्षांपर्यंत माँटेसरी वर्ग चालवणाऱ्या शाळा मोजक्या आहेत. त्यापुढे दहावीच्या परीक्षेसाठी काही शाळा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) मार्ग घेतात, कारण तिथे विषय निवडता येतात आणि मुलाची तयारी झाल्यावर एकेक विषयाची परीक्षा देता येते.