पीव्हीसी पाइप : घरगुती नळकाम (कोल्हापूर)

पॉलिव्हिनिल क्लोराइड या प्लॅस्टिकच्या पाइपांनी घरात पाणी खेळवणे आणि सांडपाणी बाहेर काढणे, म्हणजे पीव्हीसीचे नळकाम. असे पाइप १९३० च्या दशकात जर्मनीत प्रथम वापरात आले. कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील घरांत पूर्वी जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असत. ते आतून गंजत, भोक बारीक होत जाई आणि सकाळचे पहिले पाणी तांबूस येई. पीव्हीसी गंजत नाही, वजनाला हलका असतो आणि त्याला आटे पाडावे लागत नाहीत. त्यामुळे नव्या घरांत त्याने लोखंडाची जागा घेतली.

कोल्हापूर जिल्ह्यात मात्र हा पाइप लोकांना आधी शेतात भेटला. पंचगंगा, भोगावतीकाठी मोटर बसवून पाणी उसाच्या फडापर्यंत नेणाऱ्याला ‘चार किलो’, ‘सहा किलो’ ही भाषा पाठ असते. हे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाइप किती दाब सोसेल त्याचे माप. शेतात हा हिशेब चोख चालतो. घरात तोच लावला की घोटाळा होतो. बांधावर उरलेला पाइप घराला वापरण्याची सवय जुनी आहे, पण घरातल्या पाइपाचा कस दाबावर लागत नाही. उभ्या पाण्याच्या दहा मीटर उंचीला जेमतेम एक किलो दाब येतो, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्याच्या नळावरचा दाब तेवढाच. घरात पाइप नडतो तो उष्णतेने, उन्हाने आणि मुख्यतः कच्च्या जोडाने.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरी-शाहूपुरीच्या बाजारात दुकानदार विचारतो, “कशाला पाहिजे?” या एका प्रश्नावर सगळी निवड ठरते. थंड पाण्याला यूपीव्हीसी (मऊ करणारे द्रव्य न घातलेला कडक पीव्हीसी) प्लंबिंग पाइप, गरम पाण्याला सीपीव्हीसी (जादा क्लोरीनचा, उष्णता सोसणारा), सांडपाण्याला एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाचे पाणी वाहणारा). यूपीव्हीसीच्या पिण्याच्या पाण्याच्या पाइपाचे भारतीय मानक आयएस ४९८५, सीपीव्हीसीचे आयएस १५७७८ आणि एसडब्ल्यूआरचे आयएस १३५९२. हे आकडे पाइपावरच छापलेले असतात. ते वाचून घ्यावेत. पूर्वी पीव्हीसी टिकाऊ करायला शिशाची संयुगे मिसळत. त्यांना आळा घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये काढले, म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी ‘लेड-फ्री’ छापलेलाच पाइप घ्यावा.

मापांत नवखा माणूस हमखास फसतो. प्लंबिंगच्या अर्धा इंची यूपीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मिलिमीटर, तर अर्धा इंची सीपीव्हीसीचा १५.९ मिलिमीटर. नाव एक असले तरी एकाचा एल्बो (वळणाचा जोडतुकडा) दुसऱ्याला बसत नाही. शेतीचा पाइप तर इंचांऐवजी मिलिमीटरवर विकला जातो. म्हणून पाइप आणि फिटिंग एकाच प्रकारचे घ्यावे आणि दोन प्रकार जोडायचे तिथे आट्यांचा अ‍ॅडॉप्टर घालावा.

जाडीपेक्षा व्यासावर खर्च करावा. एक इंची पाइपाचे तोंड अर्धा इंचीच्या दुप्पट, पण क्षेत्रफळ चौपट. टाकीतून उतरणारी मुख्य लाइन एक किंवा सव्वा इंची, मजल्यावरची पाऊण इंची आणि फक्त नळापाशी अर्धा इंची ठेवली, तर एकीकडे कपडे धुताना दुसरीकडचा शॉवर बारीक होत नाही. मोटरपासून टाकीपर्यंतच्या चढत्या लाइनीला मात्र जाड पाइपच हवा. मोटर बंद होताच वर गेलेले पाणी उलटे येऊन धडकते आणि तो हिसका पातळ पाइपाच्या जोडांवर बसतो.

जोड हा या कामाचा जीव आहे. ‘सोल्युशन’ म्हणून मिळणारे सॉल्व्हंट सिमेंट डिंकासारखे चिकटवत नाही. ते प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवते आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळून घट्ट होतात. त्यामुळे पाइप काटकोनातच कापावा. हॅक्सॉ ब्लेडने कापल्यावर कडेला जो भुसा लोंबतो तो आतून-बाहेरून कानशीने काढावा, नाहीतर तोच सोल्युशन खरवडून पुढे ढकलतो आणि जोड कोरडा राहतो. आधी सोल्युशनशिवाय पाइप घालून बघावा. तो फिटिंगच्या खोलीच्या एक ते दोन तृतीयांशापर्यंत जाऊन अडला पाहिजे. सैल तळाला गेला तर ते फिटिंग बदलावे. मग पाइपाला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ हात द्यावा, पाइप तळापर्यंत दाबून पाव वळसा फिरवावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. सोडण्याची घाई केली की पाइप आपसूक मागे सरकतो. तोंडाशी सगळीकडून सारखी कड दिसली तर जोड भरला. सीपीव्हीसीचे सोल्युशन वेगळे असते, ते त्यालाच वापरावे. या वाफा ज्वालाग्राही असतात, म्हणून बंद खोलीत आणि शेगडीजवळ हे काम करू नये. पाणी सोडायला चोवीस तास थांबावे. घर गिलाव्याला आलेले असले की नेमकी हीच घाई होते.

जाळावर पाइप तापवून तोंड फुगवायचे आणि दुसरा आत सारायचा, ही शेतातली युक्ती घरात वापरू नये. फुगवलेल्या जागी पाइप पातळ होतो. शिवाय पीव्हीसी करपले की हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो. नळाच्या जागी पितळी आट्यांचे फिटिंग वापरावे, कारण प्लॅस्टिकचे आटे जास्त आवळले की तडकतात.

गिझर आणि सोलरच्या लाइनीला यूपीव्हीसी चालत नाही. ४५ अंशांपुढे त्याचा भरवसा धरता येत नाही आणि सोलरचे पाणी उन्हाळ्यात ६० अंशांवर सहज जाते. सीपीव्हीसी साधारण ९० अंशांपर्यंत टिकतो. तापल्यावर दोन्ही लांबतात: तीन मीटरचा पाइप ३० अंशांच्या फरकाने पाचेक मिलिमीटर वाढतो. म्हणून भिंतीवर पाइप धरणारे क्लॅम्प त्याला सरकू देणारे हवेत. गच्चीवरच्या उघड्या पाइपाला फिका, पाण्यात मिसळणारा रंग द्यावा. ऊन खाल्लेला पाइप ठिसूळ होतो आणि शिडी आपटली तरी फुटतो.

सांडपाण्याच्या पाइपात दाब नसतो, उतार असतो. चार इंची आडव्या लाइनीला मीटरमागे अडीच सेंटिमीटर पुरतो. न्हाणीघरात ट्रॅपमधले, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात साचून राहणारे पाणी हेच वास अडवते, त्यामुळे न वापरलेल्या बाथरूममध्ये अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे.

जमिनीखालच्या लाइनीची काळजी वेगळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला ओढते, म्हणून खाली-वर वाळूचा थर हवा. पाणी ठरावीक वेळीच येते तिथे पुरवठा थांबला की पाइप रिकामा होतो आणि गळक्या जोडातून बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. गटारीलगत गेलेल्या लाइनीत ते गटारीचे असते. त्यामुळे हा पाइप गटारीपासून लांब आणि तिच्यापेक्षा वरच्या पातळीवर न्यावा, जमिनीखाली जोड कमीत कमी ठेवावेत आणि खड्डा बुजवण्याआधी पाण्याच्या दाबाने तपासणी करावी. तपासणीला हवा भरू नये. पीव्हीसी हवेच्या दाबाने फुटला तर त्याचे तुकडे उडतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जिथे पाणी शिरले त्या सखल भागांत ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि पूर ओसरल्यावर टाकी व लाइन ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन मगच वापरात आणावी.