लकव्यानंतर दोन्ही हातांनी काही उचलताना नजर हातांवर असू द्या

इंदूरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या बाजूला आम्ही घरी येऊन फिजिओथेरपी करतो, आणि घरचे लोक हमखास विचारतात की हातात ताकद तर आली, मग परात वाकडी का होते?

एका आजींचं बघा. पोह्यांची परात दोन्ही हातांनी धरून ओट्यावरून उचलली, नजर परातीवर होती तोवर सगळं ठीक, मागून सूनबाईंनी "आई, चहा ठेवू का?" म्हटलं, आजींनी वर बघितलं आणि दोन-तीन सेकंदांत डावी कड खाली, पोहे ओट्यावर. ताकद होती हो, जोर किती लागतोय ते कळत नव्हतं.

ते मेंदूला दोन वाटांनी कळतं, एक म्हणजे कातडी आणि स्नायूंची जाणीव, दुसरी डोळे. लकव्यानंतर पहिली वाट बरेचदा मंद होते, मग सगळी भिस्त डोळ्यांवर येते. नजर हटली की धडधाकट माणसाचाही जोर हळूहळू उतरतो, पण त्याचा एक हात ढिला पडला की दुसरा आपोआप सांभाळून घेतो, लकव्यानंतर ही साथ कमी होते आणि चांगला हातच बराचसा भार ओढतो. म्हणून "खाली काय बघता, समोर बघा" असं पेशंटला म्हणू नका, प्लीज.

घरी करायचं ते असं. किचनमधले दोन डिजिटल वजनकाटे शेजारी शेजारी ठेवा, प्रत्येकावर एक तळहात, दोन्हीकडे साधारण एक-एक किलो येईल इतकं दाबून धरा, आकडे बघत. जमायला लागलं की आकड्यांवर रुमाल टाका, पाच सेकंद थांबा, मग काढून बघा कुठला हात उतरलाय. श्वास रोखायचा नाही, आणि बीपी वाढलेलं असेल तर त्या दिवशी राहू द्या.

एक मात्र आहे, ग्रॅमचे आकडे सारखे नाचतात आणि काही पेशंट त्यांच्या मागे लागून हात आणखीच हलवतात, तर शेवटच्या दोन आकड्यांवर कागदाची पट्टी चिकटवा, एवढं बारीक बघायची गरज नाही. ज्यांना एका बाजूचं दिसतच नाही किंवा तिकडे लक्षच जात नाही त्यांचे काटे आधी चांगल्या बाजूला सरकवून ठेवा, आणि हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगा.

दुसरा काटा घरी नसेल तर विकत घेऊ नका, आमच्याकडून महिनाभर घेऊन जा, डिपॉझिट नाही.