पुंगळी (घरगुती बनावटीची)

पुंगळी : मोटारसायकलच्या सायलेन्सरमधील, अंगभर भोके असलेली नळी, हिलाच बॅफल म्हणतात. ‘पुंगळी काढलेली बुलेट’ कशी वाजते हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. प्रस्तुत नोंदीत मात्र रिकाम्या सायलेन्सरमध्ये पुंगळी घडवून बसवण्याचा विचार केला आहे.

एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) दर दोन फेऱ्यांमागे एकदा जळका वायू दाबाने बाहेर पडतो. म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्या असताना सेकंदाला २५ धक्के बसतात. पुंगळीच्या भोकांतून हा वायू बाजूच्या पोकळीत पसरतो, त्यामुळे धक्क्याची धार बोथट होते, आणि भोवती काचलोकर असल्यास चढ्या स्वराची कंपने तिच्या तंतूंत घर्षणाने जिरतात. खालच्या स्वराची धडधड मात्र लोकरीला दाद देत नाही. तिच्यासाठी पोकळीच मोठी लागते, आणि आखूड सायलेन्सरमध्ये पुंगळी घालूनही निराशा होते ती यामुळेच.

यंत्रमागांच्या शहरात, सोलापुरात, लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगची छोटी दुकाने नवलाची नाहीत, त्यामुळे हे काम तासाभराचे समजले जाते. खरी मेख भोकांच्या हिशेबात असते. भोकांचे एकूण क्षेत्रफळ नळीच्या आतल्या छेदाहून कमी नसावे, हा ढोबळ नियम आहे. ३२ मिमी आतील व्यासाच्या नळीचा छेद सुमारे ८०४ चौ. मिमी भरतो आणि ५ मिमीच्या एका भोकाचा सुमारे १९.६ चौ. मिमी, म्हणून किमान ४१ भोके पाडावी लागतात. नळीचे टोक बंद ठेवून भोके कमी पाडली तर आवाज दबतो खरा, पण वायू कोंडतो, इंजिन तापते आणि गाडी ओढत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे फार लवकर लक्षात येते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वापरू नये, कारण वेल्डिंग करताना त्याचा धूर बाधतो. भोकांच्या आतल्या कडांवरची कूस (भोक पाडताना उरलेली धातूची खरखरीत कड) कानशीने काढून, लोकर गुंडाळून वर बारीक स्टीलची तार आवळली, की ही पुंगळी हुबेहूब सुताने भरलेल्या कांडीसारखी दिसते. ती सायलेन्सरच्या तोंडाशी एका बोल्टने अडकवतात. हादऱ्यांनी हा बोल्ट ढिला होतो, म्हणून गाडीवरच्या पहिल्या फेरफटक्यानंतर तो पुन्हा आवळणे आवश्यक असते. एरवी पुंगळी रस्त्यावर पडलेली सापडते.

कायद्याच्या दृष्टीने पुंगळी बसवल्याने मोकळा सायलेन्सर आपोआप वैध ठरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० सायलेन्सर बंधनकारक करतो, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) अन्वये आवाजाच्या मानकांचा भंग केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (उत्सर्जनाचे मानक) गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर असतात. त्यांना हात लावून केलेले कोणतेही घरगुती काम उत्सर्जनही बिघडवते, म्हणून वरील पद्धत जुन्या गाड्यांनाच लागू पडते.