फरशीखालच्या पाण्याला दारं धरताना

स्टुटगार्टजवळच्या या घरात राहायला आलो तेव्हा भिंतीला एकही रेडिएटर दिसला नाही. ऊब फरशीखालून येते. पहिल्या हिवाळ्यात न्हाणीघराची फरशी छान तापायची आणि मुलीच्या खोलीतली गारच राहायची. त्याचं कारण पॅसेजमधल्या पांढऱ्या पत्र्याच्या कपाटात होतं.

कपाट उघडलं की एकाखाली एक असे दोन आडवे जाड नळ दिसतात आणि त्यांतून निघून फरशीत शिरणाऱ्या पाइपांची रांग. जर्मन लोक याला हाइत्सक्राइसफेर्टाइलर म्हणतात, इतरत्र मॅनिफोल्ड. एका नळातून गरम पाणी खोल्यांकडे जातं, दुसऱ्यात ते उष्णता देऊन परत येतं.

एकच लांब पाइप सगळ्या घरभर का नाही फिरवायचा? हिशोब करून बघू. साधारण १६ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पाइप १५ सेंटिमीटर अंतरानं नागमोडी अंथरला, तर १०० मीटरमध्ये जेमतेम १५ चौरस मीटर जमीन झाकली जाते. ८० चौरस मीटरच्या घराला ५०० मीटरहून जास्त पाइप लागेल. एवढ्या लांबीतून पाणी ढकलायला पंपाला फार जोर लावावा लागेल, आणि शेवटच्या खोलीत पोचेपर्यंत ते निवलेलं असेल. म्हणून प्रत्येक खोलीला स्वतःचा फेरा देतात, तो शक्यतो १०० मीटरच्या आत ठेवतात आणि सगळे फेरे या कपाटात आणून जोडतात. अशा रीतीनं प्रत्येक खोलीला सारखंच गरम पाणी मिळतं.

सारखं गरम, पण सारखं पुरेसं नाही. खरी गोम इथे आहे.

लहानपणी आजोबांना उसाला दारं धरताना पाहिलंय. पाटाजवळची सरी भराभर भरते. शेवटच्या सरीला पाणी पोचवायचं तर जवळच्या सरीचं तोंड मातीनं आवळावंच लागतं. फरशीखालीही तेच. आमच्या न्हाणीघराचा फेरा ३५ मीटरचा आणि मुलीच्या खोलीचा ९५ मीटरचा धरा. पंपाचा दाब दोघांना सारखाच, पण आखूड फेऱ्यात घर्षण कमी, म्हणून तिथून जवळजवळ पावणेदोनपट पाणी वाहतं. गरज मात्र उलटी असते. न्हाणीघराला लागतं लांब फेऱ्याच्या साधारण एक तृतीयांश.

यावरचा उपाय मॅनिफोल्डवरच बसवलेला आहे. प्रत्येक फेऱ्याच्या डोक्यावर बोटभर उंचीची पारदर्शक नळी असते, तिच्यात लाल खूण वरखाली होते आणि शेजारच्या आकड्यांवर मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते दिसतं. तळाची कडी फिरवली की वाट अरुंद होते. १५ चौरस मीटरच्या खोलीला चौरस मीटरमागे ५० वॅट उष्णता हवी असेल आणि पाणी ५ अंशांनी निवून परतणार असेल, तर मिनिटाला साधारण २.१ लिटर लागतात. आखूड फेऱ्याला ०.८ लिटरसुद्धा पुष्कळ.

आमच्याकडे आलेल्या कारागिरानं सगळ्या कड्या एकसारख्या फिरवून ठेवल्या होत्या. दिसायला न्याय्य, पण आखूड फेऱ्यालाच झुकतं माप देणारं. मी न्हाणीघराची कडी आवळली आणि बघता बघता मुलीच्या खोलीची लाल खूण खाली सरकली. या नळीत खूण खाली जाणं म्हणजे प्रवाह वाढणं. एक आवळला की बाकीच्यांचा प्रवाह बदलतो, म्हणून सगळ्या कड्यांवरून दोन-तीनदा फिरावं लागतं.

परतीच्या नळावरच्या पांढऱ्या डब्या हे वेगळं प्रकरण. त्या खोलीतल्या थर्मोस्टॅटचं ऐकतात. त्यांच्या आत मेण असतं. वीज मिळाली की ते तापून वितळतं, फुगतं आणि झडप उघडतं. याला तीन ते पाच मिनिटं लागतात. फरशीखालचा सहा-सात सेंटिमीटरचा सिमेंटचा थर तापायला काही तास घेतो, तिथे पाच मिनिटांची काय मातबरी! पण थर्मोस्टॅट फक्त वाट उघडतो आणि मिटतो. वाटच चुकीच्या मापाची असेल तर तो कितीही वाढवला तरी खोली तापत नाही. आम्ही महिनाभर तेच करत बसलो होतो.

आणखी एक काम अनेक घरांत याच कपाटात होतं. बॉयलर ६० अंशांचं पाणी देत असेल तर ते थेट फरशीत सोडता येत नाही. वावरायच्या जागेत पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ नये असा युरोपीय नियम आहे. मग मिश्रण करणारी झडप एक वाटा ६० अंशांच्या पाण्यात परतीच्या ३० अंशांच्या पाण्याचे चार वाटे मिसळते आणि ३६ अंशांचं पाणी खोल्यांकडे निघतं. म्हणजे फरशीतून फिरून आलेलं बहुतेक पाणी इथूनच पुन्हा वळतं. उष्मापंप असलेल्या घरात पाणी मुळातच कोमट येतं, तिथे बहुधा या झडपेची गरज पडत नाही.

कड्या फिरवल्या त्या शनिवारी संध्याकाळपर्यंत काहीच जाणवलं नाही. रविवारी सकाळी परतीच्या पाइपांवर एकेक करून तळहात ठेवला, तर पहिल्यांदाच सगळे सारखे कोमट लागले. मुलगी फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती. मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं खोल्यांची नावं लिहिली आणि प्रत्येकीपुढे तिचा आकडा.