आधी भाजायचं, मग रंगवायचं

उसनं आणलेलं पुस्तक आणि हातात लाल रंगपेन्सिल. पेनाने खुणा केल्या तर मैत्रीत वितुष्ट येईल; पेन्सिलीच्या खुणा काय, परत करण्याआधी पुसून टाकू, असा माझा साधा हिशोब होता. परतीच्या दिवशी खोडरबर घेऊन बसलो. पहिल्या रेघेवर रबर फिरवला तर लाल रेघेची गुलाबी पट्टी झाली. पुन्हा फिरवला तर पट्टी रुंद झाली आणि वरच्या ओळीलाही गुलाबी झाक आली. तिसऱ्यांदा कागदाचीच साल निघाली. मग मुकाट्याने रबर खाली ठेवला.

पेन्सिल म्हटली की ती पुसता येणारच, हा समज आपण शाळेच्या पहिल्या दिवसापासून बाळगून असतो. पण ‘पेन्सिल’ हे नुसतं आकाराचं नाव आहे. साधी शिसपेन्सिल आणि रंगपेन्सिल यांच्यात बाहेरचं लाकूड सोडलं तर फारसं काही सारखं नसतं. हल्ली पुसता येणाऱ्या रंगीत मेकॅनिकल पेन्सिली मिळतात. नोंदी काढायला, पुस्तकात खुणा करायला त्या फार सोयीच्या. निवडताना मात्र बहुतेक जण रंगाची छटा बघतात. खरं बघायचं ते वेगळंच: आतली लीड भट्टीत भाजलेली आहे की नुसती वाळवलेली?

आधी काळ्या रेघेबद्दल. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ग्राफाइट म्हणजे कार्बनचंच एक रूप, हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवून दिलं. तरी जुनं नाव काही सुटलं नाही आणि टोक बोटात घुसलं की शिशाची विषबाधा होईल ही भीतीही सुटली नाही. जखम स्वच्छ धुवावी हे खरं, पण त्यात शिसं नाही.

कागद भिंगाखाली धरला तर तो सपाट पानापेक्षा वाळलेल्या गवताच्या ढिगासारखा दिसतो. मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांएवढे जाड सेल्युलोजचे तंतू एकमेकांत गुंतलेले, मध्ये खळगे. पेन्सिल ओढली की हे तंतू किसणीसारखं काम करतात. ग्राफाइटचे पापुद्रे खरवडले जाऊन तंतूंच्या पाठीवर पडून राहतात. ते कागदात मुरत नाहीत, कागदाशी त्यांची रासायनिक क्रिया होत नाही. रेणूंमधलं जे अगदी क्षीण आकर्षण असतं, तेवढ्याच्या जोरावर ते तिथे टिकतात.

खोडरबर नेमका याचाच फायदा घेतो. तो मऊ असल्यामुळे पापुद्र्याला सगळीकडून बिलगतो, आणि पापुद्रा कागदापेक्षा रबराला जास्त चिकटतो. लगेच रबराचा तो भाग झिजून गळतो आणि पापुद्र्याला आपल्यात गुंडाळून घेतो. खाली नवा, स्वच्छ पृष्ठभाग तयार असतो. टेबलावर भुगा पडतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की रबर झिजला नाही तर उचललेला काळा रंग तो पुढच्या अक्षराला फासत बसेल. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टलीने काळ्या पेन्सिलीच्या खुणा पुसणाऱ्या या नव्या पदार्थाची नोंद केली. त्याआधी पावाचा चुरा वापरत. आजचा पांढरा ‘प्लास्टिक’ खोडरबर बहुतेक वेळा रबराचा नसतोच. तो असतो पीव्हीसी, आणि त्याला मऊ ठेवायला त्यात तेलासारखं एक रसायन मिसळलेलं असतं.

आता माझी लाल रेघ. रंगपेन्सिलीच्या गाभ्यात रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड, शंखजिरं किंवा पांढरी माती, डिंकासारखा एखादा बांधणारा पदार्थ आणि मेण असतं. घोळ घालतं ते मेण. दाब आणि घर्षण मिळालं की ते पसरतं, तंतूंना लपेटतं, खळग्यांत उतरतं आणि रंगाचे कण सोबत घेऊन जातं. त्यावर रबर घासणं म्हणजे तेलाचा डाग कोरड्या फडक्याने पुसणं. डाग निघत नाही, पसरतो. मी पुसत नव्हतो, सारवत होतो.

मग मेणच कमी केलं तर? तसं करतातही. पुसता येणाऱ्या निळ्या-लाल पेन्सिली कार्टूनपटांचे चित्रकार कच्च्या रेखाटनासाठी कितीतरी वर्षं वापरत आले आहेत. पण मेण कमी म्हणजे रेघ फिकी आणि कडक. लाकडी पेन्सिलीत हा सौदा चालून जातो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लीडमध्ये दुसरीच अडचण उभी राहते, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी तिच्यासाठीच लिहितोय.

ग्राफाइटची लीड भाजलेली असते. फ्रान्सला युद्धामुळे इंग्लंडचं उत्तम ग्राफाइट मिळेनासं झालं तेव्हा निकोला-जाक काँतेने ग्राफाइटची पूड मातीत मळून, कांड्या करून भट्टीत भाजायची पद्धत काढली. तिचं पेटंट १७९५ चं. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ. एच आणि बी यांचा खेळ तिथूनच. पुढे मेकॅनिकल पेन्सिलीसाठी बारीक लीड हवी झाली, तिथे माती अपुरी पडली. १९६० च्या सुमारास मातीऐवजी कृत्रिम राळ आली. भट्टीत राळेचा कोळसा होतो आणि त्या कोळशाची जाळी ग्राफाइटला घट्ट धरून ठेवते. कच्ची वीट आणि भाजलेली वीट यांत जो फरक, तोच इथे.

रंगाचं काय? लाल रंगद्रव्य हजार अंशांच्या आसपास तापवून बघा. बहुतेक सेंद्रिय रंग जळून जातात. म्हणून रंगीत लीड परंपरेने भाजतच नाहीत, नुसती वाळवतात. म्हणजे कच्ची वीट. लाकडाच्या आत तीन मिलिमीटर जाड असेपर्यंत ठीक. मेकॅनिकल पेन्सिलीच्या नळीतून उघडीवाघडी बाहेर आली की ‘कट्’.

यावरचा तोडगा मला वाचताक्षणी आवडला. रंग भाजता येत नाही ना? मग आधी भाजायचं आणि नंतर रंगवायचं. पण त्यासाठी ग्राफाइटसारखा निसरडा आणि तरीही काळा नसलेला पदार्थ हवा. तो आहे: बोरॉन नायट्राइड. त्याला ‘पांढरं ग्राफाइट’ असंही म्हणतात.

थोडं खोलात जाऊ. डोकं गरगरलं तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत बसलेले असतात. जाळीच्या आत शेजारच्या अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर आणि बंध प्रचंड मजबूत. दोन जाळ्यांमधलं अंतर मात्र ०.३३५ नॅनोमीटर आणि पकड ढिली. म्हणून थर सुटे होतात. (घसरण्याचं सगळं श्रेय थरांना देऊ नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं फार उंच जाऊ लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांतले ग्राफाइटचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज वाहून नेणारे ठोकळे, झपाट्याने झिजू लागले. तिथली हवा विरळ आणि कोरडी, आणि ग्राफाइटला नीट घसरायला पृष्ठभागावर पाण्याची वाफ चिकटलेली लागते.) या जाळीतल्या कार्बनच्या जागी आळीपाळीने बोरॉन आणि नायट्रोजन ठेवा. बोरॉन आवर्तसारणीत कार्बनच्या एक घर अलीकडे, नायट्रोजन एक घर पलीकडे. दोघांचे मिळून इलेक्ट्रॉन दोन कार्बन अणूंइतकेच. जाळी तशीच राहते: अणूंमधलं अंतर ०.१४५, थरांमधलं ०.३३३ नॅनोमीटर.

मग एक काळं आणि दुसरं पांढरं का? ग्राफाइटमधले काही इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूचे नसतात, ते सगळ्या जाळीत मोकाट फिरतात आणि समोर येईल त्या रंगाचा प्रकाश गिळतात. सगळा प्रकाश गिळला की काळं. बोरॉन नायट्राइडमध्ये नायट्रोजनची हाव जास्त, तो इलेक्ट्रॉन आपल्याजवळ दाबून ठेवतो. त्यांना उठवायला सुमारे ६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) लागतात. दृश्य प्रकाशाच्या कणाकडे जास्तीत जास्त ३ च्या आसपास ऊर्जा असते. प्रकाश न गिळता परततो आणि पूड पांढरी दिसते.

एका पद्धतीत हे बोरॉन नायट्राइड माती आणि राळेबरोबर मळतात, बारीक छिद्रातून दाबून तारेसारख्या कांड्या काढतात आणि भाजतात. राळेचा उरलेला कोळसा हवेत जाळून टाकतात. हाती येते पांढरीशुभ्र, कडक, आतून स्पंजसारखी सच्छिद्र कांडी. मग ती तेलकट शाईत बुडवून ठेवतात, छिद्रं रंगाने भरतात. अशा लीडने रेघ ओढली की रंग ल्यालेले पापुद्रे कागदावर ग्राफाइटसारखेच वरवर पडून राहतात, आणि खोडरबराला हवी असते ती हीच परिस्थिती. थोडी झाक उरते, पण माझ्या गुलाबी सारवणाच्या तुलनेत काहीच नाही.

याची किंमतही आहे. छिद्रांत मावेल तेवढाच रंग, त्यामुळे गडदपणाला मर्यादा. शिवाय विरघळलेला रंग उन्हात रंगद्रव्यापेक्षा लवकर विटतो. वर्षानुवर्षं जपायच्या नोंदी यात करू नका.

दुकानात लीड कुठल्या जातीची हे वेष्टनावर क्वचितच लिहिलेलं असतं. मी नखाने हलकेच खरवडून बघतो. मेणकट लीडचा थर नखात गोळा होतो, भाजलेलीची कोरडी पूड पडते. आणि एक परीक्षा नक्की घ्या, ज्या कागदावर वापरणार त्याच कागदावर. दोन रेघा ओढा, एक हलकी, एक दाबून. एक रात्र जाऊ द्या आणि मग पुसा, कारण तेल-मेण मुरायला वेळ घेतं. लगेच पुसलं तर कुठलीही पेन्सिल शहाण्यासारखी वागते. दाबून ओढलेल्या रेघेचा रंग गेला तरी तंतू चेपलेले असतात, तो चर राहतोच.

जाडीचा हिशोब सोपा आहे. गोल कांडी वाकवून मोडायला लागणारा जोर व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.७ मिमीचा घन ०.५ मिमीच्या घनाच्या २.७ पट येतो. पण ०.५ म्हणून विकली जाणारी लीड खरी ०.५६ मिमीच्या आसपास असते आणि ०.७ ची मात्र बरीचशी ०.७ च, त्यामुळे प्रत्यक्षात फरक जवळपास दुप्पट. तरीही रंगासाठी मी ०.७ च घेईन. समासात बारीक अक्षरं लिहायची असतील तर ०.५ घ्या, पण टोक जेमतेम बाहेर ठेवा: बाहेरची लांबी निम्मी केली की मोडायला दुप्पट जोर लागतो.

हायलाइटरकडून जे मिळतं त्याची अपेक्षा या पेन्सिलीकडून ठेवू नये. हायलाइटरमधलं द्रव्य न दिसणारे अतिनील आणि निळे किरण घेऊन पिवळा-हिरवा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून ती पट्टी कागदाहून उजळ दिसते. साधी रंगीत लीड प्रकाश फक्त कमी करते. तिने अख्खी ओळ भरण्यात अर्थ नाही. खाली रेघ किंवा समासात उभी खूण पुरते. पिवळी लीड पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. दोनच रंग घ्यायचे तर निळा आणि नारिंगी घ्या, कारण लाल-हिरव्यात गल्लत होणारे डोळे बरेच असतात. आणि पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदींवर रंगीत खूण कराल तर पुसताना दोन्ही जातील, रबराला भेदभाव कळत नाही.

रंगांवरून आठवलं. अमुक रंगाने लिहिलं की ‘उजवा मेंदू’ जागा होतो, तमुक रंग स्मरणशक्तीला पोषक, परीक्षेला शुभ, असले दावे पेन्सिलींच्या जाहिरातींत आणि अभ्यासाच्या कानमंत्रांत सर्रास दिसतात. ते तिथेच सोडा. मानसशास्त्रज्ञ जॉन डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं, त्यात अधोरेखन ‘कमी उपयोगी’ ठरलं. सर्वांत वर होतं स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागून करणं. एखादी वेगळी गोष्ट गर्दीतून लक्षात राहते हे हेडविग फॉन रेस्टॉर्फने १९३३ मध्येच दाखवलं होतं, पण सगळं पान रंगवल्यावर वेगळं काय उरलं? पुसता येण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. दुसऱ्या वाचनात अर्ध्या खुणा अनावश्यक वाटतात, त्या काढून टाकता येतात.

उष्णतेने पुसली जाणारी शाई हा निराळा प्रकार. तिच्या पेनाच्या मागचं टोक घासलं की ऊब निर्माण होते आणि साधारण ६० अंशांच्या पुढे रंग अदृश्य होतो. शाई कागदावरच असते. उन्हात तापलेल्या गाडीत वही राहिली तर नोंदी गायब, आणि शून्याखाली दहा-वीस अंशांवर नेलं तर परत हजर. पापुद्रे उचलून नेण्यात जो निकाल लागतो तो यात नाही.

बाकी किरकोळ. काळ्या लीडची नळी रंगासाठी वापरू नका, आत राहिलेली ग्राफाइटची धूळ रंग मळवते. रबर आधी कोऱ्या कागदावर घासून स्वच्छ करा, नाहीतर काल उचललेला लाल आज निळ्यावर उतरेल. आणि पांढऱ्या खोडरबराचं कागदी वेष्टन फेकू नका. त्याला मऊ ठेवणारं रसायन शेजारच्या प्लास्टिकमध्ये झिरपतं आणि ते वितळवतं. माझ्या पारदर्शक पट्टीवर सात ते दहा सेंटीमीटरच्या दरम्यान खोडरबराचा चौकोन उमटलेला आहे. तिथले आकडे आता वाचता येत नाहीत, आणि तो कशानेही पुसला जात नाही.