चढावर चालणं म्हणजे हार नव्हे

‘चढ न थांबता पळता आला तरच डोंगरात धावायला जा,’ हे मुंबईच्या धावपटूंमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे खरं नाही. या एका वाक्यापायी कितीतरी जण मरीन ड्राइव्ह सोडून माथेरानच्या पायथ्याच्या भिवपुरीची लोकल पकडतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

चढ साधारण १६ अंशांहून तीव्र झाला, की त्याच वेगाने वर जाताना पळण्यापेक्षा चालायलाच कमी ऊर्जा लागते. माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या यूटीएमबी शर्यतीत एकूण सुमारे १०,००० मीटर चढ असतो. तिथले अव्वल धावपटूही उभ्या चढावर गुडघ्यांवर हात टेकून किंवा काठ्या घेऊन चालतात.

खरी परीक्षा उताराची. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिने उतरवत नाहीत. पावलं छोटी टाका, नजर चार पावलं पुढे ठेवा. पावसाळ्यात सह्याद्रीचा कातळ शेवाळाने निसरडा होतो, तेव्हा उतारही चालतच उतरा.

सुरुवातीला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता घ्या. डांबरी आहे, पण चढउतारांची सवय तिथे छान होते. मग भिवपुरीहून वर चढत माथेरानजवळचं गार्बेटचं पठार.